वाचनालयातून आणलेली खुनाची रहस्यकादंबरी कशी वाचावी : सोलापुरातील नव्या वाचकांसाठी

मराठी वाचकाला रहस्यकथा नवी नाही. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबुराव अर्नाळकरांची पुस्तके एकेकाळी वाचनालयाच्या कपाटात टिकत नसत आणि आजही अनेक घरांतील आजोबा झुंजार आणि काळा पहाड यांची नावे सहज घेतात. त्या कथांची गोडी वेगात आणि साहसात होती. एका बैठकीत पुस्तक संपवावे, हीच ती वाचण्याची योग्य रीत होती. या लेखात जिच्याविषयी लिहिले आहे ती अभिजात खुनाची कादंबरी मात्र निराळ्या जातीची आहे. एडगर ॲलन पो यांच्या १८४१ सालच्या कथेपासून सुरू झालेली आणि दोन महायुद्धांच्या दरम्यानच्या काळात, मुख्यतः इंग्लंडमध्ये, भरास आलेली ही परंपरा आहे. तिच्यात मोजकी माणसे, एक बंदिस्त जागा, एक किंवा अधिक खून आणि प्रश्न विचारत फिरणारा एक शोधक असतो. ही कादंबरी धावत वाचली तर शेवटी आश्चर्य वाटते, पण हाती फारसे काही लागत नाही. ती सावकाश आणि वही घेऊन वाचावी लागते. पुस्तक वाचनालयाचे असल्यामुळे हे सारे मुदतीच्या आत बसवावे लागते, हाही व्यवहाराचा भाग आहेच.

पुस्तक निवडताना

सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखी जुनी संस्था आहे आणि पेठांतून, उपनगरांतून लहान सार्वजनिक वाचनालयेही आहेत. सभासद होण्यासाठी बहुतेक ठिकाणी ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, परत मिळणारी अनामत रक्कम आणि ठरावीक वर्गणी लागते. एका वेळी किती पुस्तके मिळतात, मुदत किती दिवसांची आहे आणि ती वाढवून मिळते का, हे तीन प्रश्न देवघेव विभागात पहिल्याच दिवशी विचारून घ्यावेत.

पहिल्या पुस्तकासाठी अडीचशे पानांच्या आसपासची कादंबरी घ्यावी. कथासंग्रहापासून सुरुवात करू नये, कारण वीस पानांच्या कथेत वाचकाला विचार करण्याइतकी उसंत मिळत नाही. मराठी अनुवाद घेणार असाल, तर मुखपृष्ठाच्या आतील पानावर ‘अनुवाद’, ‘संक्षिप्त अनुवाद’ किंवा ‘रूपांतर’ यांपैकी काय छापले आहे, ते पाहावे. संक्षेप करणारा माणूस अनावश्यक वाटणारे तपशील गाळतो, आणि या प्रकारच्या कादंबरीत खरा दुवा नेमका अनावश्यक वाटणाऱ्या तपशिलातच दडवलेला असतो. त्यामुळे संक्षिप्त आवृत्ती वाचून कोडे सोडवण्याचा प्रयत्न करणे व्यर्थ आहे. त्याच पानावर मूळ पुस्तकाचे नावही असते. काही कादंबऱ्या ब्रिटनमध्ये एका नावाने आणि अमेरिकेत दुसऱ्या नावाने निघाल्या आहेत, त्यामुळे वेगळे समजून तेच पुस्तक पुन्हा घरी येण्याची शक्यता असते.

पुस्तक खिडकीवर नोंदवण्यापूर्वी त्याची तपासणी करणे ही नवा वाचक हमखास विसरतो अशी पायरी आहे. वाचनालयाचे पुस्तक शेकडो हातांतून गेलेले असते. बांधणी सैल झाली की आधी शेवटची पाने निखळतात, आणि रहस्यकादंबरीची शेवटची पाने नसली की उरलेल्या पुस्तकाला काही अर्थ राहत नाही. तपासणी करताना उलगडा डोळ्यांत भरू नये म्हणून एक जाडसर कागद पानाच्या मजकुरावर ठेवावा आणि फक्त पृष्ठक्रमांक पाहत शेवटची तीस-चाळीस पाने उलटावीत. सोबत कोणी असेल तर हे काम त्याच्याकडे सोपवणे अधिक सुरक्षित असते. दुसरा धोका पेन्सिलीचा. एखाद्या आधीच्या वाचकाने पात्राच्या नावाखाली रेघ मारून समासात ‘हाच तो’ असे लिहून ठेवलेले असते. असे करणाऱ्यांविषयी मला तिळमात्र सहानुभूती नाही. पहिल्या काही पानांवर अशा खुणा दिसल्या, तर ग्रंथपालांना सांगून दुसरी प्रत मागावी.

मलपृष्ठावरचा मजकूर आणि प्रस्तावना दोन्ही वाचू नयेत. मलपृष्ठ लिहिणारा पुस्तक खपवण्याच्या घाईत कधी कधी दुसरा खून कोणाचा होतो तेही सांगून टाकतो, आणि अभ्यासपूर्ण प्रस्तावना लिहिणाऱ्याला वाचकाने कादंबरी आधीच वाचली आहे असे वाटत असते. प्रस्तावना शेवटी वाचावी. त्या वेळी ती फार चांगली लागते.

खेळाचे नियम

वाचायला बसण्यापूर्वी एक गोष्ट ठाऊक असली पाहिजे : या कादंबऱ्या वाचकाशी प्रामाणिकपणे खेळण्याच्या बोलीवर लिहिल्या गेल्या आहेत. रोनाल्ड नॉक्स हे इंग्लंडमधील धर्मगुरू आणि रहस्यकथालेखकही होते. त्यांनी १९२९ साली अशा कथांसाठी दहा नियम मांडले. गुन्हेगार कथेच्या सुरुवातीच्या भागातच वाचकाला भेटलेला असावा, दैवी किंवा अद्भुत शक्तीचा आधार घेऊ नये, तोवर कोणाला माहीत नसलेले विष वापरू नये, केवळ योगायोगाने शोधकाला उत्तर सापडू नये, आणि शोधकाला जो दुवा मिळेल तो वाचकापुढेही ठेवावा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये स्थापन झालेल्या डिटेक्शन क्लबात प्रवेश करणाऱ्या लेखकाला महत्त्वाचा दुवा वाचकापासून लपवणार नाही अशी शपथ घ्यावी लागे. शपथविधी थट्टेचा होता, तरी त्यामागची भूमिका गंभीर होती.

या नियमांचा वाचकाला थेट उपयोग होतो. दोन तृतीयांश पुस्तक झाल्यावर प्रथमच अवतरलेल्या माणसावर संशय घेण्यात वेळ घालवू नये. भुताटकी, शाप, पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर असे काही दिसले, तर त्यामागे हाडामांसाचा माणूस आहे आणि त्या भीतीचा त्याला काहीतरी फायदा होत आहे, असे धरून चालावे. या नियमांना बगल देऊनही उत्तम कादंबऱ्या लिहिल्या गेल्या आहेत. पण अपवादांची मजा नियम अंगवळणी पडल्यावरच कळते, म्हणून नवख्या वाचकाने ती चिंता करू नये.

वही कशी ठेवावी

पुस्तकात काही लिहायचे नाही, हे सांगण्याची गरज नसावी. शाळेची साधी वही पुरते. पहिल्या पानावर पात्रांची यादी करावी आणि प्रत्येक नावापुढे वय, नाते, खून झालेल्या व्यक्तीकडून त्याला काय मिळणार होते किंवा तिच्यापासून काय धोका होता, एवढेच लिहावे. परकी नावे सुरुवातीला गोंधळात टाकतात. एकाच माणसाला नोकर आडनावाने, मित्र पहिल्या नावाने आणि आई लाडक्या नावाने हाक मारते. रिचर्डचा डिक, विल्यमचा बिल आणि मार्गारेटची पेगी होते. ही सारी नावे एकाच ओळीत लिहून ठेवली, तर तिसऱ्या प्रकरणात ‘हा कोण बुवा?’ असे म्हणत मागे जावे लागत नाही. घराचा नकाशा छापलेला असेल तर तो वहीत काढून घ्यावा. नसेल तर वर्णनावरून ढोबळ रेखाटन करावे. जिना कोठे आहे आणि कोणत्या खोलीतून कोणते दार दिसते, हे कळले तरी पुष्कळ झाले.

दुसऱ्या पानावर वेळेचा तक्ता आखावा. याच तक्त्यावर सारी भिस्त असल्यामुळे तो कसा भरायचा, हे एका काल्पनिक उदाहरणावरून पाहू.

समजा, बाळीवेस भागातील एका जुन्या वाड्यात चादरींचे घाऊक व्यापारी असलेले अण्णा गड्ड्याच्या यात्रेतील दारूकामाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बैठकीच्या खोलीत मृत आढळतात. लेखक खोलीचे वर्णन करतो : गादीजवळ पानाचा डबा, अडकित्ता, उघडी हिशेबाची वही, तिच्यावर पेन, निवलेल्या चहाचा कप आणि साडेअकराला बंद पडलेले भिंतीवरचे घड्याळ. नवा वाचक ताबडतोब घड्याळाकडे धावतो, कारण बंद पडलेले घड्याळ म्हणजे पुरावा असे त्याने कोठेतरी ऐकलेले असते. परंतु मागे दहाव्या पानावर अण्णांना चष्म्याशिवाय वर्तमानपत्राचा मथळाही दिसत नाही, असे त्यांच्या नातीने हसत हसत सांगितले होते, आणि वस्तूंच्या यादीत चष्मा नाही. म्हणजे एक तर अण्णा मृत्यूच्या वेळी हिशेब लिहीत नव्हते, किंवा कोणीतरी चष्मा नेला आहे, किंवा ही सारी मांडामांड नंतर झाली आहे. यादीत जे नाही ते पाहणे हे या वाचनातले सर्वांत कठीण आणि सर्वांत आनंदाचे काम आहे.

आता जबान्या सुरू होतात. पुतण्या सांगतो, ‘‘काका गेले त्या रात्री मी सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला निघालो होतो.’’ वहिनी म्हणतात, ‘‘अकराच्या सुमारास मोठा आवाज झाला, पण मला वाटलं होम मैदानावरचं दारूकाम चाललंय. त्यानंतर भावजी कोणाशी तरी बोलत होते.’’ तक्त्यात ‘रात्री पुतण्या मुंबईला गेला’ अशी नोंद करणे चूक आहे. ‘पुतण्या सांगतो की तो मुंबईला निघाला, त्याला गाडीत बसलेले कोणी पाहिले नाही, तिकीट अद्याप दाखवलेले नाही’ अशी नोंद बरोबर आहे. वहिनींच्या बाबतीतही, त्यांनी आवाज ऐकला, ही एक गोष्ट. तो दारूकामाचा होता, हा त्यांचा तर्क. आणि अण्णा बोलत होते, हेही त्यांनी दाराबाहेरून ऐकलेले. अण्णांना बोलताना त्यांनी पाहिलेले नाही, आणि दुसऱ्या माणसाचा आवाज त्यांनी ऐकला का, हे त्यांना कोणी विचारलेलेच नाही. तक्त्यात म्हणून तीन रकाने करावेत : स्वतः पाहिलेले, ऐकलेले आणि गृहीत धरलेले. मध्यापर्यंत आल्यावर पहिला रकाना किती रिकामा आहे हे पाहून वाचक चकित होतो. या कादंबऱ्यांतील बहुतेक फसवणूक याच ठिकाणी होते : लेखक खोटे सांगत नाही, पात्र काहीतरी म्हणते, आणि वाचक ते घडले असे समजून पुढे जातो. निवेदक स्वतः ‘मी’ म्हणून बोलत असेल, तर तोही एक पात्रच आहे आणि त्याचे म्हणणेही याच तीन रकान्यांत घालावे.

दुवा लपवण्याच्या लेखकाच्या काही ठरलेल्या युक्त्या आहेत. महत्त्वाची वस्तू पाच क्षुल्लक वस्तूंच्या यादीत मधोमध ठेवली जाते. महत्त्वाचे वाक्य बडबड्या, विनोदी पात्राच्या तोंडी दिले जाते. किंवा दुवा सांगून झाल्याबरोबर दारावर थाप पडते, कोणीतरी किंचाळते आणि वाचक नव्या घटनेमागे धावतो. अशी खळबळ झाली की तिच्या आधीचा परिच्छेद पुन्हा वाचावा, ही सवय फार उपयोगी पडते.

इंग्लंड सोलापुरात बसून वाचताना

येथील वाचकाला अडचण भाषेपेक्षा परिसराची येते, आणि काही दुवे केवळ हवामान किंवा कायदा माहीत नसल्याने निसटतात. उजेडाचेच पाहा. सोलापुरात वर्षभर सूर्य साधारण पावणेसहा ते सातच्या सुमारास मावळतो, त्यामुळे ‘संध्याकाळचे आठ’ म्हटले की आपण अंधार गृहीत धरतो. लंडनमध्ये जून महिन्यात सूर्य रात्री नऊनंतर मावळतो आणि डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या सुमारास. जूनमधल्या कादंबरीत कोणी ‘साडेआठला अंधारामुळे चेहरा दिसला नाही’ असे सांगितले, तर तेथे पेन्सिल थांबली पाहिजे.

प्रेताच्या तापमानाविषयीही असेच आहे. डॉक्टर शरीर किती थंड झाले यावरून मृत्यूची वेळ सांगतात, कारण इंग्लंडमधील खोली माणसाच्या शरीरापेक्षा बरीच थंड असते. मे महिन्यात सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा बाहेरची हवाच शरीराच्या ३७ अंशांपेक्षा तापलेली असते आणि हा हिशेब लागूच पडत नाही. कादंबरीत कोणी शेकोटी रात्रभर पेटती ठेवली असेल किंवा थंडीत खिडकी उघडी टाकली असेल, तर डॉक्टरांच्या अंदाजाला धक्का लावण्यासाठी ते केले नसेल ना, असा प्रश्न वहीत लिहावा.

मृत्युपत्राच्या बाबतीत तीन गोष्टी माहीत असाव्यात. इंग्लंडच्या कायद्याप्रमाणे विवाह झाला की आधीचे मृत्युपत्र सामान्यतः रद्द होते. आपल्याकडे हिंदूंच्या मृत्युपत्राला हा नियम लागू नाही, त्यामुळे साठीच्या उमरावाने दुसरे लग्न केल्यावर घरात एवढी धावपळ का होते, हे येथील वाचकाला चटकन कळत नाही. दुसरे, त्या कायद्यात मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला किंवा त्याच्या जोडीदाराला त्या मृत्युपत्रातून काही मिळत नाही. म्हणून माळी आणि स्वयंपाकीण यांना सही करायला आत बोलावले, असे वाक्य आले की त्या मृत्युपत्रात त्यांच्यासाठी काही ठेवलेले नसावे, एवढे अनुमान काढता येते. तिसरे, वारसाने मृत व्यक्तीच्या पश्चात जिवंत असणे आवश्यक असते. म्हणून अपघातात दोघे गेले तर आधी कोण गेले, यावर सारी मालमत्ता फिरते.

खुनाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कोरोनरसमोर, म्हणजे मृत्यूचे कारण ठरवणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, चौकशी भरते. आपल्याकडे संशयास्पद मृत्यूनंतर पोलीस पंचनामा करतात. कोरोनरच्या चौकशीत बहुधा साक्षीदारांना जाहीरपणे बोलावे लागते आणि तेथे सांगितलेले पुढे बदलले तर ते उघडे पडते. हे प्रकरण कंटाळवाणे वाटते म्हणून अनेक जण चाळून सोडतात. ते सोडू नये. सर्व जबान्या एकत्र मिळण्याची ती जागा आहे.

विषाचा खून असेल, तर विष किती वेळाने परिणाम करते एवढेच पाहावे. काही मिनिटांत मारणारे विष असेल तर त्या वेळी खोलीत कोण होते हे महत्त्वाचे. सावकाश चढणारे असेल तर मृत्यूच्या वेळी अन्यत्र असल्याचा दावा निरुपयोगी ठरतो आणि आधीच्या जेवणाकडे वळावे लागते. ॲगाथा ख्रिस्ती यांनी पहिल्या महायुद्धात रुग्णालयाच्या औषधालयात काम केले होते, त्यामुळे त्यांच्या पुस्तकांतील विषांचे तपशील बहुधा भरवशाचे असतात. बाकी शिलिंग-पेन्सांचा हिशेब, चहाच्या वेळा आणि बटलर व हाउसकीपर यांचे मानपान वाचता वाचता कळत जाते. मजल्यांचे मात्र ध्यानात ठेवावे : ब्रिटिश लेखकाचा पहिला मजला आपल्यासारखाच तळमजल्याच्या वर असतो, अमेरिकी लेखकाचा पहिला मजला म्हणजे तळमजलाच.

कोठे थांबावे

मुदत पंधरा दिवसांची धरली, तर रोज तीस-पस्तीस पाने वाचली तरी आठवड्याच्या सुमारास शेवट जवळ येतो आणि हातात पुरेसे दिवस उरतात. एका बैठकीत एक-दोन प्रकरणे पुरेत. दिवसांचे अंतर मात्र पडू देऊ नये. चार दिवस पुस्तक बाजूला राहिले की वही असूनही बारकावे पुसट होतात.

साधारण चार पंचमांश पुस्तक झाल्यावर एक खूण येते. शोधक अचानक शांत होतो, आपल्याला सारे कळले आहे असे सांगतो, किंवा सर्वांना एका खोलीत जमवण्याची सूचना देतो. येथे पुस्तक मिटावे. त्या रात्री पुढचे पान न उलटण्याला थोडा निग्रह लागतो, पण या प्रकारच्या वाचनाचा खरा ऐवज या थांबण्यातच आहे. वहीतील तक्ता समोर घेऊन खुनी कोण, त्याने ते कसे केले आणि त्याविरुद्ध कोणते तीन दुवे आहेत, हे लिहून काढावे. दुवे न देता केवळ नाव लिहिणे धरू नये. आठ संशयितांत कोणाचेही नाव घेतले तरी आठात एकदा ते बरोबर येणारच. कोणावर संशय येत नाही म्हणून त्याचे नाव लिहिणे ही पळवाटही टाळावी. घरात आणखी कोणी तेच पुस्तक वाचत असेल तर दोघांनी आपापले उत्तर लिहून पाकिटात घालून ठेवावे आणि वाद नंतर घालावा.

उलगडा वाचताना प्रत्येक दुव्यापाशी थांबून तो मागे कोणत्या पानावर होता ते शोधावे. तो सापडला आणि आपण तेथून न थबकता पुढे गेलो होतो असे दिसले, तर लेखकाचे कसब मान्य करावे. तो मागे कोठेच नसेल, तर लेखकाने नियम पाळलेला नाही आणि पुस्तक डावे आहे, असे म्हणायला नव्या वाचकानेही कचरू नये. प्रसिद्ध नावाखाली छापलेल्या सर्वच कादंबऱ्या सारख्या तोलाच्या नसतात. मुदतीत दोन दिवस उरले असतील तर पहिली तीन प्रकरणे पुन्हा वाचावीत. खुनी कोण हे माहीत असताना त्याची पहिली भेट, त्याचे पहिले वाक्य आणि त्याच्या उत्तरांतील काळजीपूर्वक निवडलेले शब्द वाचणे हा पूर्णपणे वेगळा अनुभव आहे, आणि माझ्या मते पहिल्या वाचनापेक्षा तो सरस आहे.

परत करताना

पुस्तकात ठेवलेल्या चिठ्ठ्या, खुणेचे कागद आणि उत्तराचे पाकीट काढून घ्यावे. एखादे पान निसटले असेल तर स्वतः चिकटपट्टी न लावता ग्रंथपालांच्या नजरेस आणावे, कारण ती पट्टी काही वर्षांत पिवळी पडून कागदही खराब करते. खिडकीपाशी रांगेत उभे असताना शेवटाविषयी मोठ्याने बोलू नये, हेही ओघाने आलेच. मागे उभा असलेला सभासद कदाचित त्याच प्रतीची वाट पाहत असतो.

त्याच लेखकाचे पुढचे पुस्तक मागताना शक्य तो प्रकाशनाच्या क्रमाने मागावे. एकच शोधक अनेक कादंबऱ्यांत असतो आणि नंतरच्या पुस्तकात तो जुन्या प्रकरणांविषयी बोलतो. ॲगाथा ख्रिस्ती यांच्या १९३७ सालच्या ‘डंब विटनेस’मध्ये तर आधीच्या चार कादंबऱ्यांतील गुन्हेगारांची नावे एका दमात सांगितलेली आहेत. वाचनालयात क्रमाने पुस्तके मिळतीलच असे नाही. प्रकाशनाचे मूळ वर्ष आतील पानावर पाहून जे उपलब्ध असेल त्यातले सर्वांत आधीचे घ्यावे, आणि हवे असलेले बाहेर गेले असेल तर देवघेव विभागात मागणी नोंदवून ठेवावी.